थांबण्याच्या मंडळाचा अध्यक्ष

एका जंगलात वाघाच्या गादीचे सातवे वर्ष चालू होते. वैशाख वद्य पंचमी होती, वार शनिवार. तिथी नीट ध्यानात ठेवा, मुलांनो. त्या जंगलात एक अजगर होता आणि त्याने होळीच्या दिवशी जेवण केले होते.

अजगराचे जेवण म्हणजे रानडुकराचे एक पिल्लू, सगळेच्या सगळे. ते पोटात गेले की अंगाला मधोमध फुगवटा येतो. फुगवटा आहे तोवर अजगर कुणाकडे पाहत नाही. फुगवटा जिरला की पाहू लागतो. म्हणून त्या जंगलात अजगर भेटला तर सगळे आधी त्याच्या पोटाकडे पाहत आणि मग नमस्कार करत.

आता बैलाकडे या.

बैलाचे नाव पोवळ्या. तो मूळचा जंगलातला नव्हे. खाली समुद्राकाठच्या गावात हसाजी तेल्याचा घाणा होता, त्या घाण्याला तो जुंपलेला असे. हसाजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी. त्या लोकांना गावात शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. शुक्रवारी सूर्य मावळायला आला की हसाजी पोवळ्याच्या डोळ्यांवरची झापड काढी, मानेवर हात ठेवी आणि म्हणे, "शब्बाथ." मग शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत पोवळ्याला कुणी जुंपत नसे.

हसाजी वारला. मुलांनी घाणा मोडला आणि पलटणीत नोकऱ्या धरल्या. बैल कसायाला द्यायचा नाही, असे बापाने बजावले होते. म्हणून त्यांनी तो डोंगराच्या पायथ्याशी नेऊन सोडला. मुले वाईट नव्हती. पुढचा विचार त्यांनी बैलावर सोपवला, एवढेच.

तो माघ महिना होता. पोवळ्याला जन्मभर सपाट जमीन ठाऊक, तीही गोल. चढण त्याने पहिल्यांदाच पाहिली. पाय घसरला. खुराखालचा धोंडा निसटला, उतारावरून गडगडत गेला आणि साळू मावशीच्या बिळाच्या मागल्या दारात घट्ट जाऊन बसला. मागोमाग पोवळ्याही तिथेच पोचला.

साळू मावशी म्हणजे साळिंदर. काटे अंगावर होते आणि जिभेवरही. पदरात दोन पिल्ले.

"कोण रे तू?"

"बैल."

"ते दिसतंय मला. माझं दार बुजवलंस ते?"

"पाय घसरला, मावशी."

"बिळाला दोन दारं कशाला असतात, माहीत आहे का तुला?"

"नाही."

"एका दारानं अजगर आत आला की दुसऱ्यानं बाहेर पडायचं असतं. आता एकच राहिलं. अजगर आला तर त्याला काय म्हणू? बाजूला हो, आम्हाला जायचंय, असं म्हणू?"

पोवळ्या धोंडा काढायला उठू लागला. उठता आले नाही. खूर फाटला होता.

साळू मावशीने त्या दिवशी त्याला पोटभर शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दिल्या. पण शिव्या देता देता ती त्याच्यापुढे गवतही टाकत होती आणि पाला चावून खुरावर बसवत होती. खूर भरून यायला होळी उजाडली.

"उपकार समजू नकोस," ती म्हणाली. "माझ्याच्यानं तो धोंडा हलत नाही. तू उभा राहिलास तरच हलेल."

"देणं लागतो मी, मावशी. हलवून देईन."

"कधी?"

"अंगात जोर आला की."

पण खाल्ल्याशिवाय जोर येत नाही आणि फुकट कुणी खायला घालत नाही. त्या जंगलात अस्वलशेटचा घाणा होता. करंजाच्या बियांचे तेल. अंगाला गोचिडी लागल्या की वाघापासून सशापर्यंत सगळे तेच तेल लावत. आजवर घाणा अस्वलशेट स्वतः ओढत असे आणि त्यामुळे त्याचा स्वभाव बिघडला होता. त्याने पोवळ्याला वैरण दिली आणि घाण्याला जुंपले.

शनिवार आला. पोवळ्या उठला नाही.

"काय रे, आजारी?" अस्वलशेटने विचारले.

"नाही. आज शब्बाथ."

"ते काय असतं?"

"थांबायचं असतं."

"कशासाठी?"

"ते हसाजीनं कधी सांगितलं नाही. तोही थांबायचा."

अस्वलशेटने डोके खाजवले. रविवारी त्याने तेल मोजले. सहा दिवस ओढणारा बैल सातवा दिवस बसला, तरी आठवड्याचे तेल तेवढेच निघाले होते. मग तो त्या गोष्टीविषयी पुन्हा बोलला नाही. अस्वलशेटला अक्कल होती, फक्त ती तेलापुरती होती.

त्या शनिवारी दुपारी साळू मावशी येऊन गेली. "रिकामा बसलायस. माझा धोंडा?"

"शनिवारी ओढत नाही, मावशी. तीन चांदण्या दिसल्या की येतो."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी अंधार पडेतो घाणा. सुटलो की गुडघ्यांत काही उरत नाही. मी परवा येऊन बघितलं. कपाळ लावलं, तर धोंडा हलला नाही, मीच मागं सरकलो. दिवसभर थांबलो तरच जोर येईल."

साळू मावशीने त्याच्या गुडघ्यांकडे पाहिले. "बरं. आज होणार नाही तुझ्याच्यानं. आणखी सात-आठ शनिवार अंग धरू दे. अजगराचा फुगवटा अजून मोठा आहे."

इथवर सगळे ठीक होते, मुलांनो. एका बैलाला एक शब्द ठाऊक होता आणि तो त्याप्रमाणे वागत होता. पुढे त्या शब्दाकडे सरकारचे लक्ष गेले.

वाघाचा दिवाण एक उदमांजर होता. गळ्यात रेशमी गोंडा, अंगाला अत्तराचा वास. जंगलात एक बैल शनिवारी काही करत नाही आणि तरी त्याचे काम होते, ही बातमी त्याने दरबारात सांगितली.

वाघ आठवड्यातले सहा दिवस झोपत असे. "चांगली चाल आहे," तो म्हणाला. "प्रजेलाही लावा."

"लावतो, महाराज. पण आधी शब्दाचा अर्थ ठरवला पाहिजे. उद्या कुणी भलताच अर्थ काढून खरोखरच थांबेल."

अशा रीतीने शब्बाथ अर्थनिश्चिती मंडळ स्थापन झाले. भाषेचे जाणकार म्हणून वाघुळशास्त्र्यांना घेतले. थांबण्याचा अनुभव दांडगा म्हणून अजगराला घेतले. दिवाण चिटणीस झाला. अध्यक्ष म्हणून पोवळ्याचे नाव निघाले.

"मी बैल आहे," पोवळ्या म्हणाला.

"म्हणूनच," दिवाण म्हणाला. "बाकीच्यांना कामं आहेत."

"बैठक कधी?"

"इतर दिवशी सगळे कामात. शनिवारी सकाळी बसू."

पोवळ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. काय ते त्याला नीट मांडता येईना. तोवर त्याच्या शिंगांत झेंडूची माळ पडली होती.

ही पहिली बैठक पिंपळाखाली भरली, ती वैशाख वद्य पंचमीला. 

वाघुळशास्त्री फांदीला उलटे लटकून बोलले. ते खरे विद्वान होते, हे इथे सांगून ठेवतो, म्हणजे त्यांना कुणी हसायला नको. गावातल्या बेने इस्राएलांच्या प्रार्थनाघराच्या आढ्याला त्यांनी आयुष्य काढले होते. हिब्रू पोथी रोज कानावर पडे.

"मूळ तीन अक्षरांचं," ते म्हणाले. "श, ब, त. त्याचा अर्थ विश्रांती, असं लोक समजतात. तसं नाही. विश्रांतीला त्या भाषेत दुसरा शब्द आहे. याचा अर्थ थांबणं. चालू होतं ते बंद होणं. पोथीत एका ठिकाणी रानात लोकांना रोज आभाळातून खाणं मिळत असे, ते एके दिवशी मिळायचं थांबलं. तिथे हाच शब्द. पेरणी आणि कापणी, दिवस आणि रात्र कधी थांबणार नाहीत, असं एक वचन आहे. तिथेही हाच. एक जुलमी राजा विटा करणाऱ्या मजुरांच्या पुढाऱ्यांवर ओरडतो, की तुम्ही यांना कामापासून थांबवता. तिथेही हाच."

"म्हणजे सरकारविरोधी शब्द आहे," दिवाण म्हणाला आणि त्याने टिपून घेतले.

"शब्द कुणाच्याच विरोधी नाही. थांबणं एवढाच अर्थ."

"मी होळीपासून थांबलो आहे," अजगर म्हणाला. "मला वाटतं माझ्यावरूनच नियम करावेत."

मग चर्चा सुरू झाली. थांबणे म्हणजे शेपूट हलवायची की नाही? शेपटीला सूट मिळाली. रवंथ? रवंथ हे काम की करमणूक, यावर दुपार गेली. कोण थांबले आहे आणि कोण नाही, हे बघणार कोण, असा प्रश्न निघाला. त्यासाठी माकडे नेमली. पुढच्या शनिवारपासून माकडे उजाडल्यापासून झाडोझाड धावत सुटली आणि संध्याकाळी जीभ बाहेर काढून पडू लागली. पुढे असेही ठरले, की आपण थांबलो आहोत असे प्रत्येक जनावराने पिंपळाखाली येऊन सांगावे. हरणे लांबच्या माळावरून पळत येत, थांबल्याचे सांगत आणि पळत परत जात. एक म्हातारे कासव गुरुवारीच निघे.

आलेल्यांवर नजर ठेवायचे काम अध्यक्षाचे. म्हणून पोवळ्या दिवसभर पिंपळाभोवती फिरू लागला. गोल. घाण्याभोवती फिरताना निदान डोळ्यांवर झापड असे. इथे सगळे दिसत होते.

पहिल्या बैठकीच्या दिवशी संध्याकाळ झाली. तीन चांदण्या निघाल्या. पोवळ्या म्हणाला, "आता मी जातो. माझं एक देणं आहे."

"बसा, अध्यक्षसाहेब," दिवाण म्हणाला. "तीन चांदण्या म्हणजे कोणत्या तीन, ते अजून ठरलं नाही."

ते ठरेपर्यंत पोवळ्याचे पुढचे गुडघे आपोआप जमिनीला टेकले. तो तिथेच झोपला. उतारावर साळू मावशी धोंड्याजवळ बसून वाट पाहत होती.

पुढचा शनिवार तसाच गेला. त्याच्या पुढचाही. आता पोवळ्या सातही दिवस गोल फिरत होता. अस्वलशेटचे तेल कमी भरू लागले, म्हणून तो चिडला. पोवळ्याच्या बरगड्या दिसू लागल्या. अजगराचा फुगवटा आधी कलिंगडाएवढा होता, मग नारळाएवढा झाला, मग कवठाएवढा.

ज्येष्ठ लागला तेव्हा साळू मावशी भर बैठकीत आली.

"रामराम, अध्यक्षसाहेब," ती म्हणाली. "माळ छान दिसते. धोंड्यालाही एक पाठवून द्या. तोही बरेच दिवस बसलाय एका जागी."

माकडे हसली. पोवळ्याने मान खाली घातली.

अजगराने मान वर केली. बऱ्याच दिवसांत त्याने मान वर केली नव्हती.

"साळूबाई, पिल्लं कशी आहेत?"

"आहेत."

"काटे आले असतील."

"आलेत. चांगले टोकदार."

"लहानपणी मऊ असतात म्हणे, काटे. आषाढापर्यंत."

"तुला कुणी सांगितलं?"

"सहज. वाचनात आलं."

दिवाणाने हातातली काडी आपटली. "विषयाला सोडून बोलू नये."

साळू मावशी पोवळ्याच्या अगदी जवळ आली आणि हळू बोलली. "हे बघ, तुझा नेम मी मोडायला लावला नाही. शनिवारी ये म्हणाले नाही, चांदण्या निघाल्यावर ये म्हणाले. पाला चावताना मी चांदण्या मोजल्या नव्हत्या. आता तू बघ."

ती गेली. पोवळ्याला गोड-कडू काही लागेना.

सगळे पांगल्यावर त्याने फांदीकडे पाहिले. "शास्त्रीबुवा, त्या शब्दाचा आणखी कुठे वापर आहे?"

"पुष्कळ ठिकाणी आहे. मंडळानं विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही." वाघुळशास्त्र्यांनी पंख आवरले. "एका दुःखी माणसाला समजवायला तीन मित्र येतात. पानंच्या पानं बोलतात. तो उत्तर देतो की लगेच हे पुन्हा बोलतात. मोठी विद्वान माणसं. आणि मग एका जागी लिहिलंय, की ते तिघं त्याला उत्तर द्यायचे थांबले. हाच शब्द."

"त्यांना थांबायची परवानगी कुणी दिली?"

"कुणी नाही."

"ठराव झाला होता?"

"पोथीत तसं काही नाही. बोलत होते, ते थांबले."

पोवळ्या म्हणाला, "म्हणजे बोलता बोलताही थांबता येतं."

"बोलत असल्याशिवाय थांबणार कसं?" वाघुळशास्त्री म्हणाले आणि उडून गेले.

पुढच्या शनिवारी सकाळी अजगर बैठकीला आला तेव्हा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा होता. कुठेही फुगवटा नव्हता. त्या दिवशी त्याला नमस्कार करायला कुणी थांबले नाही.

"मी आज जरा लवकर निघेन," तो म्हणाला.

"अवश्य," दिवाण म्हणाला. "अध्यक्षसाहेब, मागच्या बैठकीचा वृत्तान्त कायम करा."

पोवळ्या फिरत होता. तो थांबला.

"अध्यक्षसाहेब?"

पोवळ्याने उत्तर दिले नाही.

"आपल्याला ऐकू येतंय ना?"

पोवळ्याने मान झाडली. झेंडूची माळ खाली पडली. ती शिळी होती, पण झेंडूच होता, म्हणून त्याने ती खाल्ली. मग तो चालू लागला. सरळ. गोल न जाता सरळ चालायला त्याला थोडा वेळ लागला.

उतारावर धोंड्याच्या सावलीत जाऊन तो बसला. दिवसभर बसला. शेपूट हलवली नाही, तिला सूट होती तरी. माकडे येऊन पाहून गेली आणि त्यांनी दिवाणाला कळवले, की अध्यक्ष काहीही करत नाहीत. दिवाणाने त्यांच्याच हाती निरोप धाडला: थांबण्याच्या बैठकीला अध्यक्ष गैरहजर का, याचा खुलासा आजच करावा. पोवळ्याने निरोप ऐकला आणि डोळे मिटले.

पोवळ्याच्या अंगात गेले कित्येक आठवडे साचलेला शीण होता. तो पायांतून हळूहळू जमिनीत उतरत गेला. हसाजी मानेवर हात ठेवायचा, ती जागा त्याला पुन्हा जाणवली.

सूर्य मावळला. एक चांदणी निघाली.

खालच्या बाजूने पाचोळा वाजला. पाचोळ्यावर पाय पडला की तुटक आवाज येतो. हा सलग येत होता. तो पुढच्या दाराकडे चालला होता.

दुसरी चांदणी निघाली.

बिळातून साळू मावशीचा आवाज आला. ती पोवळ्याला हाक मारत नव्हती. पिल्लांना सांगत होती, "माझ्या मागं राहा. अगदी मागं. धोंड्याला चिकटून."

पोवळ्या उभा राहिला. वर बघायचे, की तिसरी निघाली का, हे त्याच्या मनात आले. आणि त्याला एक जुना शनिवार आठवला. शेजाऱ्याचे वासरू विहिरीत पडले होते. हसाजी भर दुपारी गोठ्यात आला, दावे सोडले, दोर त्याच्या मानेला बांधला आणि म्हणाला, "ओढ." दोघांनी वासरू वर काढले. वासरू उभे राहिल्यावर हसाजीने दोर गुंडाळला आणि तो पुन्हा शनिवारात जाऊन बसला. त्या दिवशी हसाजीने वर पाहिले नव्हते.

पोवळ्यानेही पाहिले नाही. त्याने कपाळ धोंड्याला लावले.

धोंडा हलला नाही. त्याने खूर रोवले. माघात फाटलेला खूर ठणकला, पण त्याने धरून ठेवले. या वेळी तो मागे सरकला नाही. आत अजगर फुसफुसला. धोंड्याच्या कडेची माती चिरली. मग धोंडा एकदा कण्हल्यासारखा वाजला आणि उतारावरून खाली गेला, झाडे मोडत.

दारातून एक पिल्लू निघाले. दुसरे निघाले. साळू मावशी अजगराकडे पाठ करून निघाली, काटे उभारून. अजगर तिच्या मागोमाग येत होता. तो तोंड उघडून आला होता आणि ते त्याला नीट मिटता आले नाही. त्याच्या टाळूत साळू मावशीचे काटे बसले होते. तो तसाच मागे गेला. नंतर बरेच दिवस तो बैठकीत बोलला नाही आणि काम त्यामुळे लवकर आटपू लागले, असे म्हणतात.

पिल्ले पोवळ्याच्या पोटाखाली जाऊन उभी राहिली. साळू मावशीने मागल्या दाराची चौकट हुंगली. आत डोके घालून पाहिले. बाहेर येऊन तिने दाराशी पडलेला एक दगड पायाने बाजूला केला. आभाळ आता चांदण्यांनी भरले होते. तिसरी कोणती, ते सांगता येत नव्हते.

"फिटलं," ती म्हणाली.

पोवळ्याने मान हलवली आणि तो घाण्याकडे निघाला.

तात्पर्य : एखाद्या शब्दाचा अर्थ ठाऊक असेल तर तो कुणाला सांगू नये. सांगणाऱ्याला अध्यक्ष करतात. आणि डोक्यावर एखादे देणे जरूर ठेवावे. ते नसते तर पोवळ्या आजही पिंपळाभोवती फिरत असता.